आंब्यापासून अठरा यार्ड

अंबरनाथला जायला आमच्या घरात पूर्वी दोनच निमित्ते पुरत. एक महाशिवरात्रीची जत्रा आणि दुसरे माझ्या थोरल्या भावाच्या अंगणातला आंबा. जत्रेची गर्दी आताशा सोसत नाही आणि आंबा एका वर्षाआड धरतो. त्यामुळे जाणे-येणे बरेच कमी झाले होते. गेल्या दीड-दोन वर्षांत मात्र मी गिरगावातून अंबरनाथच्या इतक्या खेपा केल्या, की आमच्या मंडळींना काही दिवस संशयच आला. त्या साऱ्या खेपांचे मूळ एका खेळपट्टीत आहे. सत्तरीच्या माझ्या दादाने आपल्या नातीला फलंदाजीचा सराव करता यावा म्हणून घराच्या कुशीला जी बांधली, त्या खेळपट्टीत.

पहिली खेप मात्र ह्या कामासाठी नव्हती, हे आधीच कबूल केलेले बरे. जानेवारी २०२५ मध्ये मी गेलो तो एक मोठे पाकीट पिशवीत घालून. अंबरनाथ पूर्वेचा हा प्लॉट आमच्या वडिलांनी १९६४ साली घेतला. तेव्हा तिकडे जागा स्वस्त होती आणि गिरगावातले नातेवाईक 'इतक्या रानात कोण जाऊन राहणार?' असे विचारीत. दादा राहिला. तिकडच्याच एका कारखान्यात त्याने फिटर म्हणून उमेदवारी केली, पुढे फोरमन झाला आणि निवृत्तही झाला. मी चाळीतली खोली धरून बसलो. प्लॉट मात्र दोघांच्या नावावर आहे. आता तिथे एक बिल्डर सात मजले उठवायला तयार होता आणि माझ्या मुलाला मोठ्या घरासाठी पैशांची निकड होती. पाकिटात करारनाम्याचा मसुदा होता. दादाची सही घ्यायची, एवढेच माझे काम.

मुंबईहून अंबरनाथ साठ किलोमीटर. कल्याण सुटले, की कर्जतच्या अंगाला जाणाऱ्या गाडीतले लोक एकदम घरगुती होतात. कोणी भाजी निवडायला काढते, कोणी चपला काढून पाय वर घेते. विठ्ठलवाडी, मग उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी भरलेल्या कल्याणच्या लष्करी छावणीला १९४९ साली हे नाव मिळाले, आणि अंगावरच्या वस्त्रांनिशी आलेल्या माणसांनी तिथे कापडापासून कपाटापर्यंत काय वाटेल ते बनवून विकायला सुरुवात केली. पुढचे स्टेशन अंबरनाथ. पूर्वेला उतरले, की रिक्षांचा कलकलाट, फुलवाले, नव्या इमारतींच्या जाहिराती. आणि ह्या सगळ्याच्या डोक्यावरून, हवा स्वच्छ असेल तर, टावलीचे डोंगर. ते डोंगर दिसले की मला अजूनही वडिलांची छत्री आठवते. प्लॉट बघायला आलो त्या दिवशी ती त्यांनी डोंगराकडे रोखून म्हटले होते, "त्या बाजूने वारा येईल."

वारा आता इमारती अडवतात. पण दादाच्या गल्लीत तीन-चार जुनी बैठी घरे अजून उभी आहेत. मी फाटक उघडले, तर दादा हातात लांब टेप घेऊन घराच्या दक्षिणेच्या बोळात मोजमाप करीत होता. टेपचे दुसरे टोक त्याच्या बारा वर्षांच्या नातीने धरले होते. मला मनातून हायसे वाटले. म्हटले, चला, सांगावे लागणार नाही. बिल्डरसाठी स्वतःच मोजून ठेवतो आहे!

"बहात्तर फूट लांब, बारा रुंद," दादा मला बघून म्हणाला. "पट्टी बावीस यार्डांची. म्हणजे सहासष्ट. यष्टीमागे चार फूट सोडले तरी बसते रे!"

पाकीट पिशवीतच राहिले.

झाले होते असे. ही थोरली नात आठ-नऊ वर्षांची असल्यापासून जवळच्या मैदानात मुलांबरोबर खेळत असे. मुले लहान होती तोवर सगळे ठीक चालले. मग मुलांचे आवाज फुटू लागले, आणि हिची बॅटिंगची पाळी काही केल्या येईना. 'तू फिल्डिंग कर, तुझा थ्रो चांगला आहे' असे गोड बोलून तिला दुपारभर उन्हात उभे करीत. एके दिवशी ती घरी आली आणि काही न बोलता बॅट कपाटावर टाकून दिली. रडली असती तर दादाने समजूत घातली असती. ती रडली नाही, तेच त्याला लागले. शिकवणीचा वर्ग लावावा, तर शाळा, गृहपाठ आणि गाडीची गर्दी सांभाळून आठवड्यातून दोनच दिवस जमत होते. आणि तिथे वीस मुलांत तिच्या वाट्याला येत दहा-बारा चेंडू.

"दहा-बारा चेंडूंत काय होते?" दादा म्हणाला. "हात बसायला शेकड्यांनी चेंडू लागतात. कानस धरायला शिकलो तेव्हा मला काय आठवड्यातून दोनदा कानस दिली होती?"

घरच्या जागेत घडलेल्या फलंदाजांच्या कथा आपल्याला काही नव्या नाहीत. ताडदेवच्या चिखलवाडीत सुनील गावसकर लहान असताना त्यांच्या आई, मीनलताई, घरातल्या चिंचोळ्या जागेत त्यांना टेनिसच्या चेंडूने गोलंदाजी करीत. एकदा छोट्या सुनीलने चेंडू सरळ परत मारला तो आईच्या नाकावर बसला, रक्त आले, तोंड धुऊन माउली पुन्हा चेंडू टाकायला उभी राहिली. १९७६ साली आलेल्या 'सनी डेज' ह्या आत्मचरित्रात गावसकरांनीच ही हकिकत सांगितली आहे. पुढे वेस्ट इंडिजच्या वेगवान गोलंदाजांपुढे हा माणूस हेल्मेटवाचून उभा राहिला, त्याला सरळ बॅटीची सवय लागली ती अशा जागेत, जिथे आडवे मारायला भिंतीच जागा देत नव्हत्या. तिकडे ऑस्ट्रेलियात बाउरल गावी डॉन ब्रॅडमन हा पोरगा घरामागच्या पाण्याच्या टाकीच्या बैठकीवर गोल्फचा चेंडू आपटी आणि उलटून येणारा तो चेंडू बॅटीने नव्हे, नुसत्या यष्टीने परतवी. सोबतीला कोणी नाही, जागा हातभर. कसोटीतली त्याची सरासरी ९९.९४ वर थांबली. आणखी मागे गेलो तर डब्ल्यू. जी. ग्रेसच्या घरच्या फळबागेत पट्टी आखलेली होती. मामा शिकवायला आणि हद्दीबाहेर गेलेला चेंडू आणायला घरची कुत्री!

पण इतके लांब जायला नकोच. अंबरनाथहून तिसरे स्टेशन कल्याण. तिथल्या के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने ४ आणि ५ जानेवारी २०१६ ह्या दोन दिवसांत भंडारी चषकाच्या सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. १२९ चौकार आणि ५९ षटकार. वडील रिक्षा चालवणारे. १८९९ पासून इंग्लंडच्या ए. ई. जे. कॉलिन्सच्या नावावर असलेला नाबाद ६२८ चा विक्रम तर गेलाच. शिवाय एका डावात चार आकडी धावा करणारा जगातला तो पहिला. समोरचा संघ दुबळा होता, एका बाजूची सीमारेषा जवळ होती, असे पुष्कळ जण म्हणाले, आणि ते खोटेही नाही. पुढे त्या मुलाला ह्या आकड्याचे ओझेच झाले. मला त्या बातमीत आकड्यापेक्षा कल्याणचे नाव वाचून अधिक आनंद झाला होता. अजिंक्य रहाणे डोंबिवलीचा. त्याची आई एका हाताने धाकट्याला कडेवर सांभाळी आणि दुसऱ्या हातात अजिंक्यची क्रिकेटची पिशवी घेऊन चालत मैदानावर जाई. जानेवारी २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात मालिका जिंकून देणाऱ्या कर्णधाराची ही सुरुवात. आपल्या ह्या मध्य रेल्वेच्या बाजूला क्रिकेट गाडीने येते आणि आयांच्या खांद्यांवरून येते.

मुलींच्या बाबतीत दादाच्या डोळ्यांपुढे सांगलीची स्मृती मानधना होती. भावाबरोबर सरावाला जाता जाता शिकलेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये एकोणीस वर्षांखालील सामन्यात गुजरातविरुद्ध तिने नाबाद २२४ धावा केल्या त्या राहुल द्रविडच्या बॅटने. ही गोष्ट दादाच्या नातीला तोंडपाठ. "आबा, मला कोणाची बॅट नको, मला फक्त जागा हवी," असे ती म्हणाली म्हणे. ह्या 'म्हणे'वर माझा फारसा विश्वास नाही. दादा तिच्या तोंडी स्वतःची वाक्ये घालतो.

तर जागा होती. पण त्या जागेत आंबा होता.

आमच्या आईने बाठ टाकून लावलेला हा रायवळ आंबा बोळाच्या रस्त्याकडच्या टोकाला आहे. मागच्या भिंतीपासून मोजला तर बरोबर एकसष्ट फुटांवर. यष्टीमागचे चार फूट धरून सहासष्ट फुटांची पट्टी आखली, की गोलंदाजाने चेंडू टाकायचा तो जवळजवळ खोडातूनच! दादाच्या मुलाने सुचवले, की झाड काढू. शहरात झाड तोडायचे तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे नगरपालिकेची परवानगी लागते, अर्ज-पाहणी असे सगळे सोपस्कार होतात. पण प्रश्न अर्जापर्यंत गेलाच नाही. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन एवढेच म्हणाल्या, "त्या आंब्याचे लोणचे सासूबाईंच्या श्राद्धाला वाढते मी." विषय संपला.

मग दादाने उलट हिशेब मांडला. आंब्याच्या अलीकडे तीन फूट सोडून गोलंदाजाने चेंडू टाकायचा. म्हणजे यष्टीपासून चौपन्न फूट, तंतोतंत अठरा यार्ड! लहान मुलांना एरवीही अठरा यार्डांवरच खेळवतात, तेव्हा धाकट्या नातवाची सोय झाली. आणि थोरलीला? तिथे दादाचे फिटरचे डोके चालले. ताशी सत्तर किलोमीटर वेगाचा चेंडू बावीस यार्डांऐवजी अठरावरून टाकला, तर फलंदाजाला मिळणारा वेळ साधारण ताशी पंच्याऐंशीच्या चेंडूइतका होतो. म्हणजे आजोबांचा मंद चेंडू आंब्याच्या कृपेने जलद झाला. धाव घ्यायला मात्र जागा नाही; झाडाला वळसा घालून दोन पावलांत चेंडू सोडायचा.

ज्यांच्या घराशेजारी असा बोळ आहे आणि ज्यांना ही हौस आहे, त्यांच्यासाठी बांधकामाचा थोडा तपशील देतो. बाकीच्यांनी हे दोन-तीन परिच्छेद ओलांडले तरी चालेल.

संपूर्ण पट्टी सिमेंटची करण्याची गरज नसते. चेंडू टप्पा घेतो तो फलंदाजाच्या पुढच्या वीस-पंचवीस फुटांत. गोलंदाजाच्या पायाखाली चोपलेला मुरूम पुरतो. म्हणून दादाने छत्तीस फूट लांब, सहा फूट रुंद आणि चार इंच जाड एवढाच थर धरला. बहात्तर घनफूट काँक्रीट. एकास दीडास तीन ह्या मिश्रणाला सोळा पोती सिमेंट. खाली दगडांचे सोलिंग, त्यावर मुरूम, पाणी मारून धुम्मस. दर बारा फुटांवर सांधा सोडलेला, नाहीतर उन्हाने तडा आपल्या मर्जीने जातो. जाळीचा पिंजरा चाळीस फूट लांब, दहा रुंद, दहा उंच. दोन्ही बाजू, माथा आणि पाठ मिळून तेराशे चौरस फूट जाळी. वर सैलपणासाठी दहावा हिस्सा जास्त. जाळी ताणून बांधायची नसते. ताणली तर चेंडू उलट येऊन फलंदाजालाच लागतो. सैल असली तर पोटात घेते. सिझन बॉलचा व्यास सव्वासात सेंटीमीटरांच्या आसपास असतो, तेव्हा जाळीचा डोळा दोन इंचांहून मोठा नको. खांब जाळीच्या बाहेर हवेत आणि जाळी भिंतीपासून फूटभर दूर.

लोखंडी पाइप आणि वेल्डर उल्हासनगरहून आला. जाळी आणि काथ्याची मॅट धोबीतलावच्या दुकानांतून मी आणली. लोकलच्या डब्यात ती गुंडाळी उभी करून गिरगावातला एक पासष्टीचा गृहस्थ बसला आहे हे दृश्य इतके विनोदी असावे, की ठाण्यापर्यंत कोणी मला जागेवरून उठवले नाही. जाळीचा खालचा काठ जमिनीवर धरून ठेवायला विटा लावायच्या नाहीत, चेंडू विटेवर आपटून कुठेही उडतो. वहिनींनी जुन्या लुगड्यांच्या लांब नळ्या शिवल्या, त्यांत वाळू भरली. माझ्या मते सगळ्या बांधकामातला सर्वांत उत्तम भाग तोच.

ज्यांना बोळ नाही, गच्चीच आहे, त्यांना दादाचा सल्ला असा, की स्लॅबला एकही भोक पाडू नका. वॉटरप्रूफिंग एकदा फुटले की खालच्या मजल्यावरचे लोक तुमच्याशी जन्मभर बोलणार नाहीत. जुन्या डब्यांत काँक्रीट भरून त्यांत खांब उभे करावेत, वाऱ्या-पावसाच्या दिवसांत जाळी उतरवून ठेवावी आणि सिझन बॉलचा नाद सोडून टेनिसच्या चेंडूवर भागवावे. ज्यांना गच्चीही नाही त्यांनी जुन्या मोज्यात चेंडू घालून तो चौकटीला टांगावा. सरळ बॅट शिकायला तो पुष्कळ दिवस पुरतो.

आता चुकीकडे येतो. ११ मे २०२५, रविवार. काँक्रीट पडले. गवंड्याने विचारले, उतार कोणीकडे देऊ? दादा चाळीस वर्षे हजारांश इंचांशी खेळलेला. त्याने पाणसळ काढली आणि म्हणाला, "उतार कसला? एकदम लेव्हल पाहिजे." गवंडी हसला असावा; पण मजुरी दादाची होती. वर पुन्हा सिमेंट घोटून पृष्ठभाग आरशासारखा केला. मी तिथेच होतो. मलाही ते फार सुंदर वाटले, हेही लिहून ठेवतो.

मे महिन्यात नळाला पाणी बेताचे, म्हणून आवारातल्या विहिरीवरून कळश्या वाहून दहा दिवस ते काँक्रीट भिजत ठेवले. दोन्ही नातवंडे, सून, दादा, सगळे रांगेत. आणि २६ मे रोजी पाऊस आला. त्या वर्षी मोसमी पाऊस मुंबईत २६ मेलाच दाखल झाला. त्याआधी सर्वांत लवकर आल्याची नोंद १९५६ च्या २९ मेची होती. अंबरनाथला डोंगर जवळ, तिथे तर तो कोसळलाच. दादाच्या आरशात पाणी साचले ते साचलेच. पंधरा दिवसांत शेवाळ धरले. जूनमध्ये धाकटा नातू त्यावरून घसरून हनुवटीला तीन टाके घेऊन आला. घरात दोन दिवस कोणी मोठ्याने बोलत नव्हते. तिसऱ्या दिवशी वहिनींनी मला फोन केला. "भाऊजी, ते पाकीट तुमच्या पिशवीत आहे ना, ते मला ठाऊक आहे. मलाही गुडघ्यांनी जिना चढवत नाही. मला लिफ्टचे घर हवे होते. मी कधी बोलले नाही एवढेच. पण आत्ता ते काढू नका. आत्ता काढले तर त्यांना वाटेल, चुकले म्हणून घर गेले."

मी काय बोलणार? पाकीट मी कपाटात ठेवले. मुलाला सांगितले, थोडे थांब. तो थांबला, पण खुशीने नाही. त्याचेही चूक नाही. त्याला महिन्याचा हप्ता आहे आणि मला नातीची... नव्हे, पुतण्याच्या मुलीची खेळपट्टी आहे. हे त्याला कोणत्या तोंडाने समजावायचे?

त्या पावसाळ्यात एकदा दादा मला शिवमंदिराकडे घेऊन गेला. पूर्वेलाच, वालधुनीच्या काठावर. नदीची आज जी दशा आहे ती लिहवत नाही. मंदिर मात्र पाऊस अंगावर घेत उभे होते. काळसर दगडाच्या त्या भिंतींवरून पाणी इतक्या शिस्तीने ओघळत होते, की प्रत्येक थराला जणू आपली वाट नेमून दिली आहे. शिलालेखातला शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. गाभारा खाली, पायऱ्या उतरून जावे लागते. वरचे शिखर भंगलेले. दादा बराच वेळ छत्री मिटून भिजत बघत राहिला. मग म्हणाला, "साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाला कळले, पाणी कुठून जायचे ते. फोरमनला नाही कळले." त्यानंतर तो हसला, तेव्हा मला वाटले की काम पुन्हा सुरू होणार.

झाले. सप्टेंबर सरता सरता गवंडी परत आला. घोटलेल्या पृष्ठभागावर टाचे मारून तो खरबरीत केला, सिमेंटचे पाणी पाजले, आणि वर पातळ थर दिला. सहा फुटांच्या रुंदीत पाऊण इंच उतार, बाहेरच्या भिंतीकडे. वरून झाडूचा हात, म्हणजे पाय धरेल इतका खडबडीतपणा. त्यावर काथ्याची मॅट. २ ऑक्टोबरला दसरा होता. त्या दिवशी जाळी चढली. शस्त्रपूजेला दादाच्या जुन्या कानशी, व्हर्नियर आणि त्यांच्या शेजारी बॅट. पहिला चेंडू वहिनींनी टाकावा असे ठरले. त्यांनी तो खालून, लाडू टाकावा तसा टाकला. नातीने तो आदराने तटवला.

शेजारच्या आजींचा प्रश्न तेवढा उरला होता. त्यांची खिडकी भिंतीपलीकडे दहा फुटांवर. बॅटीचा आवाज जाळीने अडत नाही. त्यांनी सरळ येऊन सांगितले, दुपारी एक ते चार मला झोप लागते. दादाने ती वेळ वर्ज्य केली, आणि रविवारी सकाळी नऊपर्यंतची. काचेला धक्का लागला तर काच दादाची. आजवर एकही फुटलेली नाही. पण एकदा परीक्षेमुळे आठ दिवस खेळ बंद होता, तेव्हा त्या आजीच विचारायला आल्या, "पोर बरी आहे ना? आवाज नाही."

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला, त्या रात्री मी दादाकडेच होतो. त्याआधी तीन दिवस जेमिमा रॉड्रिग्जने उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केल्या होत्या आणि भांडुपच्या घरात लहानाची मोठी झालेली ती मुलगी हमसून रडली होती. शेवटचा झेल हरमनप्रीतने घेतला, तेव्हा मध्यरात्र उलटली होती. गल्लीत फटाके उडाले. आमची थोरली उड्या मारून झाल्यावर हळूच बाहेर गेली. मी मागून बघितले, तर ती अंधारात पिंजऱ्यात जाऊन, चेंडू नाही, गोलंदाज नाही, नुसती यष्टीपुढे पवित्रा घेऊन उभी होती. मी दिवा लावला नाही.

आता ती तेरा संपून चौदाव्यात आहे. पाच औंसांच्या आसपासचा चेंडू वापरते. डोक्यावर हेल्मेट घातल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाही, हा दादाचा नियम. दादाचा खांदा दुखू लागला, तेव्हा मी त्याला साइडआर्म आणून दिला. लांब दांड्याच्या टोकाला चमच्यासारखी वाटी, तिच्यात चेंडू धरून फेकायचा. भारतीय संघाबरोबर राघवेंद्र नावाचे गृहस्थ हेच साधन घेऊन कोहलीपासून सगळ्यांना सराव देत आले आहेत. दादाने आधी त्या दांड्याचे वजन केले, मग वाटीचा कोन मोजला, मग 'ह्यात सुधारणेला वाव आहे' असे म्हणाला. गेल्या मार्चमध्ये संध्याकाळी अर्धा तास मी तिथे बसून मोजले: एकशे चाळीस चेंडू. शेवटचे वीस दादा खुर्चीवर बसून टाकत होता. मुलगी मात्र एकदाही पुरे म्हणाली नाही, आणि तोही म्हणाला नाही.

अडचण आहे ती पुढचीच. अठरा यार्ड तिला अपुरे पडू लागले आहेत. उंची वाढली, बॅट मोठी झाली, आणि पुढच्या वर्षी तिच्यासमोर खऱ्या अंतरावरून खरे गोलंदाज येतील. आंबा हलणार नाही. बिल्डरचा माणूस मध्येच एकदा येऊन गेला; सगळा प्लॉट बघून तो दादाला विचारू लागला, आपल्या काही अपेक्षा? दादाने विचारले, "तुमच्या इमारतीची गच्ची लांबीला किती फूट भरेल?" त्याने नकाशा उघडून सांगितले, चौऱ्याऐंशी. दादा काही बोलला नाही. पण वहिनींनी माझ्याकडे पाहिले, मी वहिनींकडे. रात्री जेवताना दादा आपणहून म्हणाला, "तिची दहावी होऊ दे. मग बघू. तुझ्या मुलाला हप्त्याला काही कमी पडत असेल तर मोकळेपणाने सांग, माझ्या ठेवी आहेत." हे मी मुलाला सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "काकांच्या ठेवी नकोत, बाबा. मी बघतो." तो पुढच्या आठवड्यात अंबरनाथला जाऊन आला. दोन षटके टाकून आला, असे मला नंतर वहिनींकडून कळले. पाकिटाबद्दल आमच्यात अजून बोलणे झालेले नाही. ते कपाटात आहे.

ह्या वर्षी आंब्याने मोहर धरला होता. एप्रिलच्या अखेरीस गेलो, तर आंब्याची एक फांदी वाढून पिंजऱ्यावर आलेली, आणि वळवाच्या वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या माथ्याच्या सैल जाळीत अडकून लोंबत होत्या. एकीलाही मार लागलेला नव्हता. वहिनी खाली टोपली धरून उभ्या होत्या आणि थोरली बॅटीच्या मुठीने जाळी खालून ढोसून एकेक कैरी काठाकडे सरकवत होती.

निघताना माझ्या पिशवीत दोन किलो कैऱ्या आल्या. रिक्षा फाटकाशी उभी होती. दादा आतून ओरडून म्हणाला, "पुढच्या खेपेला जवसाचे तेल आण रे, कच्चे, इथे मिळते त्यात भेसळ असते. बॅट कोरडी पडली आहे!" सात-बावीसची गाडी मला मिळाली.